ऊस कुठल्या अंगाला पडला?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या शेडवर आलेल्या वादळाला तीन नावं पडली होती. सासूबाई म्हणत होत्या, वावटळ. हे म्हणत होते, वळीव. गावातल्या पोरांच्या ग्रुपवर ‘तासगाव तालुक्यात टोर्नेडो’ असं लिहून एक व्हिडिओ फिरत होता. त्यातल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळत होत्या, म्हणजे तो आपल्याकडचा नव्हताच. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या कागदावर चौथं नाव आलं, चक्रीवादळ.

मी त्या कागदावर लगेच सही केली नाही. हे वैतागले. म्हणाले, “नाव कायबी लिहू दे की. गेलेला माल नाव बदलून परत येणार हाय का?” त्यांचं खरं होतं. तरी मी अडून बसले. का अडून बसले, ते आज सविस्तर लिहिते, कारण अजूनही कुठं जोराचा वारा सुटला की आमच्याकडं सरसकट ‘चक्रीवादळ आलं’ असंच म्हणतात.

मणेराजुरी रस्त्याला आमचं बेदाण्याचं शेड आहे. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे हंगामाचं शेवटचं टोक. रॅक वरपासून खालपर्यंत भरलेले. द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे लवकर वाळावीत म्हणून द्रावणात बुडवून, जाळीवर टाकून बारा दिवस झाले होते, अजून दोन-तीन दिवसांत माल खाली घ्यायचा होता. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळं वाळत आलेला एकेक रॅक म्हणजे वर्षभराच्या बागेचा अर्कच म्हणायचा. ऊन असं होतं की रॅकच्या लोखंडी अँगलला हात लागला तर चटका बसत होता. साडेतीनच्या सुमारास दंडोबाच्या डोंगरामागं एक ढग वर चढायला लागला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा एकदम रेखीव. थोड्या वेळानं त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला. आम्हाला वाटलं, अजून तासभर तरी आहे.

तासभर कुठला! लांब गडगडलं आणि अचानक गार वारा आला. नुसता गार नव्हे, कोल्ड स्टोरेजचं दार उघडल्यावर अंगावर येतो तसा. पाठोपाठ धूळ, आणि मग ताडपत्रीचा आवाज. वाऱ्यानं भरलेली ताडपत्री फाटताना बंदुकीसारखी वाजते, ते मी पहिल्यांदा ऐकलं. हे आणि दोन गडी दोरीला लोंबकळत होते. बायका शेडच्या कडेला बसून माल निवडत होत्या. सासूबाई जोरात ओरडल्या, “उठा गं, खोलीत चला!” तशा सगळ्या विटांच्या खोलीत पळाल्या. सहा पत्रे उडाले. त्यातला एक, बायका बसल्या होत्या बरोबर त्या जागी, धारेवर येऊन मातीत रुतला. वारा थांबल्यावर मी तिथं हात लावून पाहिला. वीतभर आत गेला होता.

सगळं मिळून पंधरा मिनिटं. खालचे तीन रॅक भिजले, माल काळा पडला. वरचा वाचला. माणसं वाचली.

आता चक्रीवादळ म्हणजे काय, ते माझ्या नणंदेला विचारा. तिचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नोकरीच्या निमित्तानं श्रीवर्धन तालुक्यात गेले आणि तिकडचेच झाले. घरामागं सुपारीची छोटी वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्याच किनाऱ्यावर आलं. पण त्याआधी दोन दिवस तिचे फोन चालू होते. १ तारखेला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणून कळलं. २ तारखेला त्याचं बारसंसुद्धा झालं. निसर्ग हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. लाऊडस्पीकरवरून गावात सूचना फिरल्या, मच्छीमारांच्या होड्या वर ओढून झाल्या. हिनं पोहे, मेणबत्त्या, कागदपत्रं आणि सासऱ्यांची औषधं पिशवीत भरली आणि सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसले. करोनाचे दिवस, तोंडाला फडकी बांधून. आमच्या तासगावातही त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दिवेआगरपासून आम्ही दीडशे किलोमीटरच्या वर लांब, तरी ढग त्याच वादळाचे.

दुपारी साडेबाराच्या पुढं ते जमिनीवर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानं. नणंदेनं सांगितलेली एक गोष्ट मी विसरत नाही. ती म्हणाली, “वहिनी, आधी वारा डोंगराकडनं येत होता. मग एकदम थांबला. पाखरूसुद्धा बोलंना. सासरे म्हणाले, गेलं वाटतं, वाडी बघून येतो. यांनी धरून ठेवलं. आणि मग समुद्राकडनं सुरू झाला तो.” वाडीतल्या काही सुपाऱ्या समुद्राकडं तोंड करून पडल्या होत्या आणि काही डोंगराकडं. एकाच वाडीत, एकाच दिवशी.

त्या शांततेला वादळाचा डोळा म्हणतात. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. ते दक्षिणेकडून वर येत असेल तर त्याच्या पुढच्या अंगाचा वारा पूर्वेकडून, म्हणजे कोकणात डोंगराकडून येतो, आणि डोळा ओलांडून गेला की मागच्या अंगाचा वारा पश्चिमेकडून, समुद्राकडून. मधल्या शांततेत बाहेर पडलेली माणसं दगावतात ती याच कारणानं. मी बी.ए.ला भूगोल घेतला होता, ‘आवर्त’ हा शब्द पाठ केला होता, आकृतीला गुणही मिळाले होते. पण ती आकृती मला खरी समजली ती नणंदेच्या पडलेल्या सुपाऱ्यांवरून.

हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ हे एकच. अटलांटिकमध्ये झालं तर हरिकेन, जपान-फिलिपाइन्सच्या बाजूला टायफून, आपल्याकडं सायक्लोन. हा सायक्लोन शब्द तर आपल्याच देशात घडला. १८४० च्या दशकात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वेटोळं घातलेल्या सापावरून तो तयार केला. या वादळाचं सरपण म्हणजे गरम समुद्र. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं हवं, तेही बऱ्याच खोलीपर्यंत. त्याची वाफ वर जाते, वर जाऊन तिचं पाणी होताना उष्णता सोडते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर चढते, खाली आणखी वाफ ओढली जाते. पृथ्वीच्या फिरण्यानं त्याला पीळ बसतो, म्हणून विषुववृत्ताच्या अगदी जवळ चक्रीवादळ तयारच होत नाही. शेकडो किलोमीटरचा पसारा, दिवसेंदिवसांचं आयुष्य. १९७९ चं टिप नावाचं टायफून तर २,२२० किलोमीटर रुंद होतं. पण जमिनीवर चढलं की वाफ तुटते, चुलीतलं लाकूड ओढून घेतल्यासारखं होतं. म्हणूनच सह्याद्रीच्या या बाजूला सांगली-साताऱ्याला चक्रीवादळाचा पाऊस येतो, ढग येतात, वाराही थोडा येतो. खुद्द ते येत नाही.

म्हणूनच पंचनाम्यातला तो शब्द मला खटकला. त्या दिवशी अरबी समुद्र शांत होता.

मग टोर्नेडो होता का? ते विचारायला घरात माणूस होता. माझा पुतण्या सांगलीत इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला आणि आता ओक्लाहोमा सिटीत राहतो, म्हणजे टोर्नेडोच्या अंगणातच. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे टोर्नेडो होतात. त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये जमिनीखाली लोखंडी पेटीसारखी खोली आहे, चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. दर शनिवारी दुपारी बारा वाजता शहराचे भोंगे वाजवून बघतात. पहिल्यांदा गेलेली माझी जाऊ तो आवाज ऐकून देवघर शोधायला लागली होती.

टोर्नेडो कसा होतो, हे त्यानं मला इंजिनिअरच्या भाषेत दोनदा सांगितलं, ते डोक्यावरून गेलं. मग माझं मलाच उमगलं, समईची वात वळताना. खालचा तळवा स्थिर ठेवतो, वरचा पुढं सरकवतो, आणि मधला कापूस आडवा गरगरतो. जमिनीलगतचा वारा संथ आणि वरचा जोरात, तोही वेगळ्या दिशेचा असेल, तर मधली हवा अशीच आडवी वळली जाते. आता समजा खालून कुणी ती आडवी वात मध्यभागी धरून उभी केली. मोठ्या गडगडाटी ढगात वर चढणारी गरम, दमट हवा हेच करते. आडवा पीळ उभा होतो, सगळा ढगच सावकाश फिरायला लागतो. त्यातल्या काहींच्या पोटातून पुढं ती सोंड खाली उतरते आणि जमिनीला टेकते. फिरणारे सगळेच ढग सोंड सोडत नाहीत, आणि कोणता सोडेल हे अजून शास्त्रज्ञांनाही आधी नक्की सांगता येत नाही.

बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आतच विरतात. रुंदी बहुधा शे-दोनशे मीटर. सांगलीच्या गणपती मंदिरापाशी तो उतरला, तर आयर्विन पुलावर उभा असलेला माणूस तो नुसता बघू शकेल. पण तेवढ्या पट्ट्यातला वारा! १९९९ च्या मे महिन्यात पुतण्याच्या शहराजवळच्या टोर्नेडोत रडारनं ताशी ४८० किलोमीटरच्या वर वेग मोजला. आजवर नोंदलेल्या सगळ्यात जोरकस चक्रीवादळाचा, २०१५ च्या पॅट्रिशियाचा, वेग ३४५ होता. अपवादही आहेत. १९२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतला एक टोर्नेडो तीन राज्यांतून ३५२ किलोमीटर चालत गेला आणि ६९५ माणसं गेली.

आपल्याकडंही होतात. १७ मार्च १९७८ ला दिल्लीच्या उत्तर भागात झाला, २८ माणसं गेली. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला जो झाला त्यात सुमारे तेराशे. कधी कधी चक्रीवादळाच्या घेऱ्यातच टोर्नेडो जन्मतात. २५ मे २०२१ ला यास वादळ किनाऱ्याला लागायच्या आदल्या दिवशी बंगालमध्ये हुगळीकाठी चुंचुड्याच्या बाजूला असाच छोटा टोर्नेडो उतरला होता. म्हणजे ‘आपल्याकडं असलं होतच नाही’ असं मी म्हणणार नाही. पण दमट हवा, वरचा वेगळा वारा, फिरणारा ढग, एवढी सगळी मोट आमच्या माणदेशाच्या कडेला सहसा बांधली जात नाही.

आणि वावटळ? ती तर ढगाशिवाय होते. तापलेल्या रानावरून गरम हवा उठते, जमिनीवरून वर जाते, धूळ-पाचोळा घेऊन. टोर्नेडो आभाळातून खाली येतो, वावटळ मातीतून वर. लहानपणी आजी सांगायची, वावटळीत भूत असतं, डोळे मिटून खाली बसायचं. भुताचं सोडा, डोळे मिटून खाली बसणं हा सल्ला अजूनही चांगला आहे.

तर व्हिडिओ कॉलवर मी पुतण्याला सगळं सांगितलं. त्यानं पत्र्याचं विचारलं नाही की नुकसानीचं विचारलं नाही. म्हणाला, “काकू, ऊस कुठल्या अंगाला पडलाय?”

मला आधी रागच आला. मग त्यानं फुजिता यांचं सांगितलं. तेत्सुया फुजिता मूळचे जपानचे. १९४५ ला ते कोकुराजवळच्या कॉलेजात शिकवत होते. दुसरा अणुबॉम्ब खरं तर कोकुरावरच पडायचा होता. विमान वर आलं, पण ढग आणि धुरामुळं खाली दिसेना, म्हणून ते नागासाकीला गेलं. नंतर काही आठवड्यांनी फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाला गेले. पडलेली झाडं, भाजलेले दगड यांच्या खुणांवरून स्फोट कुठं, किती उंचीवर झाला असेल याचा त्यांनी हिशेब मांडला. पुढं शिकागोला जाऊन त्यांनी जन्मभर तेच केलं, वादळानं मागं टाकलेल्या खुणा वाचल्या. टोर्नेडोची ताकद नुकसानीवरून ठरवायची पट्टी त्यांनी १९७१ मध्ये दिली, तीच सुधारून आजही वापरतात. पडझडीचे नकाशे काढताना काही ठिकाणी त्यांना दिसलं की झाडं गोल फिरून पडलेलीच नाहीत. एका मध्यापासून चारी बाजूंना, चांदणीसारखी पसरून पडली आहेत. नागासाकीत पाहिल्यासारखी. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कला विमान उतरताना कोसळलं, ११३ माणसं गेली, तेही अशाच वरून आदळलेल्या वाऱ्यानं, हे त्यांनी दाखवून दिलं. सुरुवातीला बऱ्याच जणांनी मानलं नाही. पुढं विमानतळांवर त्यासाठी खास रडार बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुलीची आलेखाची वही घेऊन बाहेर पडले. शेजारच्यांचा ऊस, त्यापलीकडं पपई, बांधावरच्या दोन बाभळी, वाकलेला विजेचा खांब. जिथं काही आडवं दिसेल तिथं एक बाण. आधी वाटलं, नुसता गोंधळ आहे. उसाच्या सरीत वाकून शेंडा कुठं आणि बुडखा कुठं बघायचं, बाण काढायचा, पुढं जायचं. पातीनं हात कापले. दोन तासांनी वही लांब धरून पाहिली. शेजारच्यांच्या विहिरीच्या अलीकडून सगळे बाण बाहेर फुटत होते. उत्तरेचा ऊस उत्तरेला, पश्चिमेची पपई पश्चिमेला, आमचं शेड वायव्येला होतं आणि पत्रे वायव्येलाच गेले होते. नळाखाली ताट धरल्यावर धार मध्ये पडून पाणी जसं कडेला पसरतं, अगदी तसं.

टोर्नेडो असता तर अरुंद पट्टा दिसला असता आणि दोन्ही कडांचे बाण आत वळलेले, पिळलेले दिसले असते. चक्रीवादळ असतं तर अख्ख्या तालुक्यातली झाडं त्या घटकेला एकाच अंगाला कलली असती. आमच्याकडं ढगातून पडणाऱ्या पावसाचं काही पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळलं, त्यानं हवा गार आणि जड झाली आणि ती जड हवा ढिगासारखी खाली कोसळली. कोल्ड स्टोरेजच्या दारासारखा तो गार झोत म्हणजे तीच. म्हणजे सगळ्यांत बरोबर कोण होतं, तर हे. वळीवच होता. मी वही त्यांच्यापुढं धरली तर म्हणाले, “मी तवाच सांगितलं न्हवं का?”

पंचनाम्याला आलेले गृहस्थ भले होते. मी वही दाखवली, त्यांनी ‘चक्रीवादळ’ खोडून ‘वादळी वारा व अवकाळी पाऊस’ लिहिलं आणि मग मी सही केली.

पण हे सगळं मी कागदासाठी केलं नव्हतं. त्या दिवशी विटांच्या खोलीत थरथरत बसलेली एक बाई मला म्हणाली होती, “वहिनी, टीव्हीवर तर कायबी सांगितलं नव्हतं.” ते वाक्य मला झोपू देईना. चक्रीवादळ सांगून येतं. आपलं हवामान खातं बहात्तर तास आधी पहिली सूचना देतं, मग अठ्ठेचाळीस, मग चोवीस. त्याची किंमत ओडिशानं दाखवली आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख माणसं आधीच हलवली आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. चक्रीवादळात माणसं जास्त मारतं ते पाणी, किनाऱ्यावर चढणारा समुद्र. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांच्या वर माणसं गेली ती बहुतेक पाण्यानंच. म्हणून तिथं घर सोडून लांब, उंचावर जायचं.

टोर्नेडोला, आणि आमच्या वळवालाही, लांब जायला वेळच नसतो. एवढी यंत्रणा असलेल्या अमेरिकेतसुद्धा टोर्नेडोचा इशारा आणि टोर्नेडो यांत सरासरी दहाएक मिनिटं असतात. तिथं मारतात त्या उडणाऱ्या वस्तू, पत्रे, फळ्या, काचा. म्हणून आत जायचं, खाली बसायचं, खिडकीपासून दूर, जमेल तितक्या पक्क्या भिंतीआड. एका वादळात घर सोडायचं, दुसऱ्यात घराच्या पोटात शिरायचं. दोघांना एकच नाव दिलं, तर माणूस टीव्हीवरच्या सूचनेची वाट बघत पत्र्याखाली बसून राहतो. आमच्या बायका बसल्या होत्या तशा.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद करून पोरांनी अभ्यासाला बसावं म्हणून. भोंगा वाजला की अख्खं गाव ऐकतं. मग मार्च ते मे, ऐरणीसारखा ढग चढलेला दिसला की आमच्या गावात तो का वाजू नये? वीज कुठं पडतेय ते सांगणारं दामिनी ॲप पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेलं आहे, ते माझ्या मोबाइलमध्ये आहे. पण रॅकवर चढलेल्या गड्याचा मोबाइल खाली झाडाला अडकवलेल्या शर्टात असतो. मी ग्रामसभेत हे मांडलं. काही जण हो म्हणाले, काही जणांनी विचारलं, रोज ढग येतात, रोज वाजवायचा का? प्रश्न बरोबर आहे. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे.

तोवर शेडपुरतं आम्ही ठरवलं आहे. पत्र्यांचे हुक बदलले. ताडपत्री आधी बांधायची. वारा सुटल्यावर दोरी धरायची नाही, माल गेला तर जाऊ द्यायचा. गार झोत अंगाला लागला की मी थाळी वाजवते आणि सगळ्यांनी विटांच्या खोलीत यायचं. यंदा हंगामाच्या सुरुवातीला एकदा वाजवून पाहिलं. बायका हसत हसत आल्या, पण आल्या. मी मोजल्या, सगळ्या होत्या. एवढ्यात दारात उभी राहिलेली एक जण म्हणाली, “वहिनी, आन् शेळ्या?”

त्याचा मी विचारच केला नव्हता. शेळ्या पत्र्याच्या कडेला, शेडच्या खांबाला बांधलेल्या असायच्या. त्याच संध्याकाळी यांनी खोलीच्या पूर्वेच्या भिंतीलगत चार खुंट्या ठोकल्या.